लग्नाच्या चतुःसीमा

म्हसूतात्यांचा चष्मा हरवला की ते खोलीच्या मधोमध उभे राहून मोठ्यानं म्हणतात, "पूर्वेस पाण्याचा माठ, पश्चिमेस कॅलेंडर, उत्तरेस लोखंडी कपाट, दक्षिणेस उंबरा. ह्या चतुःसीमेच्या आत चष्मा ठेवला व्हता. कुनी बघितला का?"

विचारतात भिंतीला, कारण घरात ते एकटेच. भिंतीच्या पलीकडे आम्ही राहतो. माझी बायको भाजी चिरता चिरता ओरडते, "तात्या, कपाळावर बघा!" मग तिकडून आवाज येतो, "मिळाला. नोंद घ्यावी."

तात्या मूळचे निरवांगीचे. इंदापूरच्या कचेरीच्या आवारात पस्तीस वर्षं दस्तलेखक होते. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, जे म्हणाल ते लिहून द्यायचे. जमिनीच्या कागदात चारी बाजूंना काय काय आहे ते लिहावं लागतं: पूर्वेला अमक्याची जमीन, पश्चिमेला ओढा, उत्तरेला रस्ता. त्याला चतुःसीमा म्हणतात. पस्तीस वर्षं तेच लिहून तात्यांची अशी खात्री झालेली आहे की, जगातली कुठलीही गोष्ट चारी बाजूंनी सांगितल्याशिवाय ती आहे असं धरता येत नाही.

आम्ही बारामतीलगत जळोचीत राहायला आलो त्या दिवशी सामानाचा टेंपो उभा असतानाच तात्या वही घेऊन आले. नाव, गाव, जात काही विचारलं नाही. म्हणाले, "तुमच्या पूर्वेस कोन?" मला कळेना. मागून हौसाकाकू, म्हणजे तात्यांच्या बायको, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आवो, आधी त्यांला पानी तर पिऊ द्या. पूर्व कुठं पळून चाललीया?" काकू एरवी फार बोलायच्या नाहीत. त्यांची किडनी गेलेली होती. बारामतीत डायलिसिसला सोयीचं म्हणून दोघं निरवांगी सोडून इथं दोन खोल्यांत राहत होते. पाच वर्षांपूर्वी काकू गेल्या. तात्या इथंच राहिले.

दस्तात दोन पक्ष असतात, हक्क सोडणारा तो लिहून देणार आणि मिळवणारा तो लिहून घेणार. तात्या कुठल्याही नवराबायकोला याच नावांनी ओळखतात. आमच्या घरात मी लिहून देणार, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. बायकोला हा माणूस तेव्हापासून आवडतो.

मी एमआयडीसीतल्या एका डेअरीत दूध तपासायला आहे. एकदा तात्यांनी त्यांच्या दुधवाल्याचं दूध बाटलीतून माझ्याकडे दिलं. मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, "तात्या, चांगलंच पाणी आहे." तात्या म्हणाले, "तोंडी नको मोहनराव. कागद काय म्हनतो ते सांगा." दिलं लिहून. तात्यांनी ते दुधवाल्याला वाचून दाखवलं आणि खाली 'वाचून पाहिले, मान्य आहे' असं लिहून त्याची सही घेतली. दुधातलं पाणी तेवढंच राहिलं. पण आता ते रीतसर होतं, म्हणून तात्यांची तक्रार नव्हती.

असल्या माणसाच्या हातात मी माझ्या बहिणीचा संसार दिला. गरजच तशी पडली.

माझी धाकटी बहीण सोनाली. तिचं लग्न इंदापूरच्या नितीनशी झालं. आमचे दाजी मेलबर्नला वेल्डर आहेत. तिकडं कायम राहायचा परवाना त्यांना लग्नाआधीच मिळालेला होता. लग्नाला महिनाभर आले आणि गेले, मग एकदा दिवाळीला आले आणि गेले. सोनाली इंदापुरात सासूबाईंपाशी. बायको म्हणून तिलाही तिकडं नेता येतं, आधी तात्पुरतं, मग पुढं कायमचं. पण लग्न खरं आहे हे तिथल्या सरकारला पटवून द्यावं लागतं. पुण्यातल्या एका एजंटानं अर्ज भरला होता. लग्नाचा दाखला, पत्रिका आणि अल्बममधले चारशे फोटो. पाच महिन्यांनी पत्र आलं. सभ्य इंग्रजीत विचारलेलं होतं की, यात लग्नसमारंभ झाल्याचं दिसतं, पण तुम्ही दोघं पतिपत्नी म्हणून एकमेकांशी जोडलेले आहात याचा पुरावा दिसत नाही. अठ्ठावीस दिवसांत काय असेल ते द्या, नाहीतर आहे त्यावर निर्णय घेऊ.

सोनालीनं ते पत्र मला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, "दादा, दोन वर्षं झाली लग्नाला. आता हे म्हणतात, तुम्ही नवराबायको कशावरून?" मी एजंटाला फोन केला. तो म्हणाला, अजून फोटो पाठवा. मला त्याचा असा राग आला की काय सांगू. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "मोहनराव, पत्र घेऊन या. सगळं ऐकलं मी."

तात्यांनी ते पत्र माझ्याकडून मराठीत तीनदा वाचून घेतलं. त्यात चार प्रकारचे पुरावे मागितले होते: दोघांचा पैशाअडक्याचा व्यवहार, दोघांचं घर, एकमेकांशी बांधिलकी, आणि चारचौघांत दोघांची ओळख. चार म्हटल्यावर तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. इतके खूष मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"आवो, ह्या तर चतुःसीमा! त्यांनी लग्नाच्या चतुःसीमा मागितल्यात. शहानं सरकार दिसतंय."

"पण कायमचा परवाना म्हणजे..."

"मला नका शिकवू. दस्तात दोन ओळी असत्यात. कायम राहनार अमुक गाव, हल्ली राहनार तमुक गाव. पोरीला आधी तितं हल्लीची करायची आन् मग कायमची. ह्यात अवघड काय हाय? निरवांगीचं मानूस आकलूजला जातं तवा बी हेच करावं लागतं."

दुसऱ्या दिवसापासून तात्यांची तपासणी सुरू झाली. आधी अल्बम. भिंग घेऊन त्यांनी चारशे फोटो पाहिले आणि रविवारी सकाळी मला बोलावलं. "हे बघा. हितं नवरा हाय. हितं नवरी हाय. मधी तुमचा मामा कशाला हाय?"

"मामा म्हणाले, माझा पण काढा."

"आन् हितं?"

"तिथं पण मामाच."

चारशे फोटोंत दोघंच असलेले फोटो निघाले सहा. त्या सहांतही दोघं समोर फोटोग्राफरकडे बघत होते, तहसीलदारापुढं हजर केल्यासारखे. आपल्याकडं चारचौघांत नवऱ्याच्या जवळ उभं राहिलं तर चुलत्या हसतात, हे मेलबर्नच्या साहेबाला कोण सांगणार?

मग फोन. सोनाली आणि दाजी रोज बोलतात म्हणे, पण दाजींनी काढलेल्या यादीत बायकोच्या नंबरवर आठवड्यातून एखादा फोन. बाकी सगळे फोन आईच्या नंबरवर, रोज, तासतासभर. यादी वाचून कोणीही म्हणेल की या माणसाचं आईवर अतोनात प्रेम आहे आणि बायकोची त्याला आठवणसुद्धा नाही. मी सोनालीला विचारलं. ती म्हणाली, "दादा, आधी आत्याबाईंच्या फोनवर लावतात. आईला टाळून बायकोला फोन केला असं व्हायला नको ना. मग आत्याबाई माझ्याकडे देतात."

आणि मेसेज? ते तर मी वाचून कपाळाला हात लावला. दोन वर्षांत एक प्रेमाचा शब्द नाही. ती विचारते, "जेवलात का?" तो लिहितो, "हो. तू?" ती लिहिते, "हो." दुसऱ्या दिवशी परत तेच. मी तात्यांना म्हटलं, हे दाखवलं तर होता तो अर्जही जाईल.

तात्यांनी विचारलं, "किती दिवस इचारतीया?"

"रोज. सातशे दिवस असतील."

"एक बी दिवस चुकला न्हाय?"

मी पाहिलं. दाजी इथं होते तेवढे दिवस सोडले तर एकही चुकला नव्हता. उलट एका दिवशी पाच वेळा विचारलेलं होतं आणि उत्तर आलेलं नव्हतं.

"मग लावा सगळं," तात्या म्हणाले. "मोहनराव, तुमी सातशे दिवस कुनाला इचारलंय का, जेवलास का म्हनून?"

मी विषय बदलला.

तरी फोनचं कोडं होतंच. तात्या म्हणाले, "जमिनीची हद्द मालकाला नसती इचारायची. शेजाऱ्याला इचारायची. तो एक इंच जास्त बोलनार न्हाय. ह्या लग्नाचा बांधाचा शेजारी कोन?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "सासू."

मी घाबरलो. सोनालीच्या सासूबाई, सुमनबाई, बोलायला फटकळ. त्यांच्यापुढं दाजीसुद्धा मान खाली घालून उभे राहतात. पण तात्या ऐकतात होय? पांढरा स्वच्छ सदरा, पिशवीत कोरे कागद आणि कार्बन, अशा थाटात एसटीनं आम्ही इंदापूरला गेलो. सोनालीनं चहा केला आणि तात्यांनी तिला आत पाठवून दिलं.

"विहीनबाई," तात्या म्हणाले, "तिकडचं सरकार इचारतंय, ह्या दोघांचं कसं काय चाललंय. तुमी जे बघितलं ते सांगा. माझ्या मनाचं एक अक्षर घालनार न्हाय."

सुमनबाई पदर सावरून पुढं सरकल्या. "इचारलं का? कुनीतरी इचारलं बाई एकदाचं! लिहा."

आणि जी तोफ सुटली म्हणता! तात्या लिहीत होते, मी भिंतीला टेकून घाम पुसत होतो. तो जबाब मला जवळजवळ पाठ आहे. "लिहून देणार सुमनबाई, कारणे लिहून देते की, मुलगा फोन मलाच करतो, पण पाच मिनिटं झाली की ती कुठाय म्हणून विचारतो. सून माझा फोन घेऊन गच्चीवर जाते ती तासभर खाली येत नाही. इकडे तव्यावर भाकरी करपते. मुलगा दिवाळीला आला तेव्हा मला गुडघ्याचा पट्टा आणला आणि हिला लोकरीचा कोट. इंदापुरात लोकरीचा कोट कशाला, असे मी विचारले असता दोघेही हसले. तो कोट सून भर उन्हाळ्यात कपाटातून काढून बघते, हे मी दोन वेळा पाहिले आहे. मुलगा तिकडे तापाने पडला ते मला कळवले नाही, हिला कळवले. हिने चार दिवस धड जेवण केले नाही. विचारले तर पोट दुखते म्हणाली. मी काय दूधखुळी आहे काय?"

तात्यांनी मान वर न करता विचारलं, "हेबी लिहू?"

"लिहा की! दूधखुळी न्हाय म्हनून लिहा." मग सुमनबाईंचा आवाज खाली आला. "आन् हेबी लिहा. त्याला म्हनावं, घेऊन जा तिला. दिसभर घरात असती, पन तिचं ध्यान हितं नसतं. मला बघवत न्हाय."

आत कपबशीचा आवाज थांबला होता.

परत येताना एसटीत तात्या पिशवी छातीशी धरून बसले होते. म्हणाले, "पस्तीस वर्षांत असा साक्षीदार मिळाला न्हाय."

तो जबाब इंग्रजीत केला बारामतीच्या तांबोळी मॅडमनी. त्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. त्यांना वाटलं, एवढी गाऱ्हाणी कशाला, जरा सौम्य करू. तात्या त्यांच्या टेबलासमोर हटून बसले. "मॅडम, भाकरी करपली पायजे. अर्धी बी न्हाय, पुरी करपली पायजे." मॅडम हसल्या आणि त्यांनी ती पुरी करपवली.

फाईल गेली. चार बाजूंच्या चार रंगांच्या दोऱ्या बांधून तात्यांनी तिची एक प्रत कपाटात ठेवली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. पुढच्या कायमच्या परवान्याचं नियोजन त्यांनी लगेच हाती घेतलं. सोनालीला फोनवर सूचना सुटल्या: तिकडं गेल्यावर घरभाड्याच्या करारावर दोघांची नावं घाल, लाईटबिलावर दोघांची घाल, बाजाराला गेलात तर दोघं जा, आणि मामा आला तर त्याला फोटोत एका कडेला उभा कर. मी म्हटलं, "तात्या, आधी पहिलं तर मिळू दे." तात्या म्हणाले, "सातबाऱ्यावर नाव लागायच्या आधी हिर खांदायची जागा बघून ठेवावी लागती."

त्या दिवसांत मी रोज कामावरून आलो की तात्या दारात. "कागद काय म्हनतो?" मी म्हणायचो, "काही नाही." ते आत जायचे. एवढं यांना का लागून राहिलंय, हे मला कोडं होतं. सोनाली त्यांची कोण? लग्नाआधी आमच्याकडं सुट्टीला यायची, काकूंच्या केसांना तेल लावून द्यायची, एवढीच ओळख. मला वाटलं, रिकामं मन, दुसरं काय.

अडीच महिन्यांनी मंजुरी आली. सोनाली फोनवर रडली, हसली, परत रडली. जायच्या आधी ती चार दिवस आमच्याकडं आली, आणि दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही तिघं, सोनाली, मी आणि माझी बायको, पेढे घेऊन तात्यांकडं गेलो.

सोनालीनं वाकून नमस्कार केला. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. मग म्हणाले, "नोंद घ्यावी."

सोनालीनं सहज विचारलं, "तात्या, एवढं सगळं तुम्हाला जमलं कसं? तुम्ही तर आयुष्यभर जमिनीचे कागद केले."

तात्यांनी उठून कपाटातून एक फाईल काढली. सोनालीची नव्हती. जुन्या पुठ्ठ्याची होती आणि वर त्यांच्या दस्तातल्या अक्षरात लिहिलं होतं, 'नमुना.'

"तुझी करायच्या आदी हात बसावा म्हनून एक करून बघितली," ते म्हणाले. "माझी आन् हिची."

सोनालीनं फाईल मांडीवर घेतली. पहिल्या बाजूला पोस्टाचं जोडखातं. दुसऱ्या बाजूला रेशनकार्ड, दोन नावांचं. तिसऱ्या बाजूला दवाखान्याचे कागद, ढीगभर. प्रत्येक डायलिसिसच्या आधी सही केलेले, आणि 'रुग्णाशी नाते' या रेघेवर प्रत्येक वेळी तेच अक्षर, 'पती'. शेवटीशेवटी ते अक्षर थरथरलेलं दिसत होतं.

"फोटो नाही?" सोनालीनं विचारलं.

"दोघांचा न्हाय. मी फोटोवाल्याला म्हनायचो, आधी हिचा काढ. ती म्हनायची, आधी ह्यांचा काढ. मग वायले वायले आले."

"आणि लग्नाचा दाखला?"

तात्या हसायला गेले आणि त्यांना हसू आलं नाही. "नोंदच केली न्हाय पोरी. पस्तीस वर्षं मानसांचे कागद केले. ती एकदा म्हनाली व्हती, आपला बी एक करा की. मी म्हटलं, आपल्याला कोन इचारतंय?" त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "आता मीच इचारतोय."

चौथी बाजू उघडली तर पान कोरं होतं. वर फक्त 'चारचौघांत ओळख' असं लिहिलेलं.

"हितं साक्षीदार लागत्यात," तात्या म्हणाले. "निरवांगीची जुनी मानसं गेली. आन् असं कुनाच्या दारात जाऊन मागायचं कसं? म्हनत्याल, म्हाताऱ्याला येड लागलं."

मला माझी लाज वाटली. अडीच महिने हा माणूस दारात उभा राहून सोनालीबरोबर स्वतःच्या लग्नाचंही विचारत होता आणि मी त्याला रिकामं मन म्हणत होतो. मी खाली सतरंजीवर बसलो आणि म्हटलं, "तात्या, कागद घ्या. लिहा."

"काय?"

"जबाब. मी मोहन, राहणार जळोची, लिहून देतो की." तात्यांनी यंत्रासारखा कागद ओढला, पेन उघडलं. सवयच ती. "दवाखान्यातून रिक्षा यायची तेव्हा हौसाकाकूंचे पाय सुजलेले असायचे. चपला पायात जायच्या नाहीत. तात्या एका हातानं काकूंना धरायचे आणि दुसऱ्या हातात काकूंच्या चपला घेऊन अख्ख्या गल्लीतून चालत यायचे. पारावर माणसं बसलेली असायची. तात्यांनी चपला कधी मागं लपवल्या नाहीत."

पेन चालत होतं. माझी बायको उंबऱ्याशी उभी होती. ती म्हणाली, "माझं पण लिहा. काकूंना आत निजवलं की तात्या बाहेर येऊन त्या चपला पुसून ठेवायचे. पायात घातलेल्या नसायच्या, तरी पुसायचे."

तात्यांचं पेन थांबलं. "हे तुमी कवा बघितलं?"

"रोज," बायको म्हणाली.

तात्यांनी ते वाक्य लिहिलं. सोनाली तोंडावर पदर धरून बसली होती. तात्यांनी लिहिलेलं एकदा मनाशी वाचलं, कागद उलटा केला, मागची कोरी बाजू हातानं सपाट केली आणि आमच्याकडं बघितलं.

"अजून काय काय बघितलंय तुमी?" ते म्हणाले. "सावकाश सांगा. मला घाई न्हाय."